पहिली बांगडी

आमच्या तळसरमध्ये लग्नाचा चुडा भरायची एक रीत आहे. बांगड्या कासारीण भरते, पण नवरीच्या हातातली पहिली बांगडी भरायची ती सवाष्णीने. ही रीत फार जुनी आहे, असं आता पोरीसोरीसुद्धा सांगतात. किती जुनी आहे ते मला विचारा. मालन कासारणीचा नवरा गेला त्या वर्षापासूनची आहे, आणि ती पहिली बांगडी तेव्हापासून मी भरत आले आहे. बावीस वर्षं झाली.

मालन कऱ्हाडकडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या शेजारी आली. मारुतीच्या देवळासमोर त्यांचं बांगड्यांचं दुकान. नवरा दत्तू बोलायला कमी आणि तालमीत जास्त. दुकान खरं म्हणजे सासू चालवायची, आणि तिनेच मालनला हात धरून बांगड्या भरायला शिकवलं. सुनेच्या दोन्ही हातांत ती कायम डझन डझन बांगड्या भरून ठेवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला नमुना वेगळा दाखवायला नको. मालन पाणी भरायला निघाली की तिच्या आधी तिच्या बांगड्या कोपऱ्यावर पोचायच्या.

दत्तूला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. मुलगी वैजयंता तेव्हा चार वर्षांची होती. बायकांनी मालनला दुकानाच्या उंबऱ्यावर बसवलं आणि तिचे हात दगडावर आपटले. मी तिथेच उभी होते. एका हाताच्या झाल्यावर एक बाई म्हणाली, "लई हायत गं हिच्या हातात." तेवढ्या बांगड्या फोडायला खरंच वेळ लागला. मागे फळीवर नव्या बांगड्यांचे डबे लावलेले होते आणि पुढे हे चाललं होतं. मी काही बोलले नाही, कुणीच बोललं नाही, आणि तेव्हा त्यात काही बोलण्यासारखं आहे असंही कुणाला वाटलं नव्हतं.

चौदाव्या दिवशी सासूने पेटी तिच्यापुढे सरकवली. म्हातारीला मोतीबिंदू होता. "आता तूच," म्हणाली. पण रांडमुंड बाईच्या हातून बांगड्या कोण भरून घेणार? सणाच्या भरायला हरकत नाही म्हणायच्या बायका, पण चुड्याचं काय? म्हातारी मोठी हुशार. तिने तोडगा काढला. माझे दोन्ही मुलगे हयात, नवरा सोसायटीत क्लार्क, सासू-सासरे धडधाकट. माझ्याकडे येऊन म्हणाली, "विजयमाला, पयली बांगडी तू भर, म्हंजी मंगल झालं. मागच्या माझी सून भरंल. पोटाचा प्रश्न हाय." मी हो म्हटलं. मला वाटलं, आपण उपकार करतोय.

तेव्हापासून चुडा असला की मालन आमच्या दारात थांबायची. "वैनी, चला. पयल्या बांगडीचं बोलावणं आलंय." मी पदर सारखा करून निघायची. मी एक बांगडी चढवून बाजूला व्हायची, बाकीची मेहनत तिची. भरून झाल्या की कासारणीला नमस्कार करायचा असतो. आमच्या बायकांनी त्यातूनही वाट काढली. त्या तिच्या पेटीला हात लावून तो कपाळाला लावायच्या. मालन हसायची. परतताना म्हणायची, "पेटीला पुण्य लागतंय बघा वैनी. मी आपली हमाल."

अशी होती ती. रडायचं तेवढं एकदाच रडून घेतलं आणि मग जिभेला धार लावून बसली. कुणी हात पुढे केला की बोटं नुसती दाबून बघायची आणि माप सांगायची. साबण नाही, तेल नाही. अंगठ्याच्या मुळाशी अशी दाबायची की बांगडी कधी सरकली ते त्या बाईला कळायचं नाही. हात हातात असल्यामुळे तिला गावातलं सगळं कळायचं. पोस्टमनच्या बायकोचं मनगट धरून एकदा म्हणाली, "आज नको भरू. सूज उतरू दे. आणि दाल्ल्याला सांग, पुढच्या येळंला मी त्येच्या हातात भरीन." ती बाई रडता रडता हसली. त्या घरातलं मारणं थांबलं असं मी म्हणणार नाही, पण मालनला कळतं एवढी धास्ती त्याला बसली.

मग काळ बदलला. पोरी कॉलेजला जायला लागल्या, एका हातात घड्याळ आणि दुसरा मोकळा. काचेच्या बांगड्या उरल्या त्या लग्नाला, डोहाळजेवणाला आणि संक्रांतीला. मालनने तक्रार केली नाही. तिची स्वतःची पोरगीच घड्याळ लावणारी. वैजूला तिने बांगडी भरायला मुद्दाम शिकवलं नाही. "ह्यो धंदा माझ्यापाशी संपला पायजे," म्हणायची. वैजू फार्मसी शिकली आणि सांगलीत एका दवाखान्याच्या औषधालयात नोकरीला लागली. रविवारी स्कूटरवरून यायची ती गावाने बघत राहावी अशी. मला तिचं कौतुक होतं. मला मुलगी नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सरपंचांना, आप्पा मोहित्यांना, सुधारणेची हुक्की आली. विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, असे ठराव तेव्हा गावोगाव होत होते आणि पेपरात सरपंचांचे फोटो येत होते. आप्पांचा फोटो तोवर फक्त वाढदिवसाच्या फलकावर आला होता. मी राखीव जागेवरची पंचायत सदस्य. अनुमोदन माझं. मी ते मनापासून दिलं, हे सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला शंका येईल.

ग्रामसभेला भाषण वैजूने केलं. काय बोलली पोरगी! "माझ्या आईने या गावातला एकेक हात भरला. एकाही घराने तिच्या हाताकडे पाहिलं नाही. नवरा मरणं हा बाईचा गुन्हा आहे का?" बायका डोळे पुसत होत्या. पुरुष टाळ्या वाजवत होते. मालन शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसली होती. आप्पांनी तिला पुढे बोलावलं आणि स्टेजवर बांगड्या भरून घ्यायला सांगितलं. कोण भरणार म्हणून आम्ही बायका एकमेकींकडे बघत राहिलो. मग वैजूच उठली. तिला जमत नव्हतं, आईचा हात तिने लालबुंद केला, पण सहा हिरव्या बांगड्या भरल्या. फोटो आला. त्यात आप्पा मध्यभागी आहेत.

फोटो आला आणि मालनचं काम गेलं.

आधी कुणी सरळ सांगितलं नाही. नुसती बोलावणी थांबली. एका घरी तालुक्याहून बांगड्या भरणारा मणेर आला, एका घरी नवरीला आधीच शहरातून भरून आणलं. आणि मग आप्पांच्याच मुलीच्या डोहाळजेवणाला, दोन घरं सोडून मालन बसलेली असताना, मणेराला रिक्षाने आणलं. मला राहवलं नाही. मी आप्पांच्या बायकोला, आक्कांना, स्वयंपाकघरात गाठलं.

"आक्का, ठराव तुमच्या घरातला. आणि तुम्हीच असं करता?"

आक्का पुरणाच्या पातेल्यातून मान वर न करता म्हणाल्या, "विजयमाला, आधी बरं होतं बघ. मोकळ्या हातानं यायची, कपाळ मोकळं, आपल्याला ठाऊक असायचं कोण काय हाय. आता ती हिरव्या बांगड्या घालून सवाशिणींच्या ओळीत बसली तर नव्या पोरींनी वाकायचं कुणाला आन् कुणाला न्हाई? मला मालनचा राग न्हाई. पण पोटुशी पोरगी हाय माझी."

"म्हणजे बोडक्या हाताची चालत होती आणि भरल्या हाताची चालत नाही?"

"असं तोडून बोलू नगं. पुरणपोळी खाऊन जा."

मी पुरणपोळी खाल्ली. हेही सांगायलाच हवं.

मालनला मी म्हटलं, नसेल झेपत तर उतरव त्या बांगड्या. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. "न्हाई उतरवणार वैनी. पोरीनं भरल्यात. दुसऱ्या कुणी भरल्या असत्या तर कवाच उतरवल्या असत्या." मग शेजारच्या गावांच्या बाजारात बांगड्यांच्या माळा घेऊन ती बसायला लागली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या बायका बांगड्या भरून झाल्या की खाली वाकून तिच्या पायाला हात लावायच्या. पहिल्यांदा असं झालं त्या दिवशी ती आमच्याकडे येऊन नुसती बसून राहिली. चहा निवला तरी घेतला नाही.

गेल्या वर्षी वैजूचं लग्न ठरलं. मुलगा सांगलीचाच, बँकेत, त्यांच्याच समाजातला, पण पसंत तिने केलेला. घरी येऊन आईला सांगितलं, एवढंच. मालन हरखून गेली. सगळी तयारी तिने एकटीने केली, भावकीतल्या कुणाला हात लावू दिला नाही. आणि एके दिवशी मला म्हणाली, "वैनी, यंदा तुमाला सुट्टी."

"कशाची?"

"वैजूची पयली बांगडी मी भरणार. गावातल्या येकूणयेक पोरीला दुसऱ्या बांगडीपासनं भरलंय. माझ्या पोटची तरी पयलीपासनं भरू दे."

"वैजूला विचारलंस?"

"इचारलं की फोनवर. मला म्हणती, आई, त्यात विचारायचं काय? तूच भरायचीस." बोलताना मालनचा चेहरा असा झाला होता की मी तिच्याकडे बघायचंच टाळलं. तिला दुसरं काही नको होतं. मांडवात मान नको, आहेर नको, विहिणींच्या पंगतीत पाट नको. ती एक बांगडी तिला स्वतःच्या हाताने चढवायची होती. महिनाभर तिने तोच विषय धरला होता. हिरवा रंग कुठला, पोपटी की गर्द, यावर मला तीनदा दुकानात नेलं.

चुडा सकाळी भरायचा होता. घर बायकांनी गच्च भरलं होतं. ज्यांनी दोन वर्षं तिला बोलावलं नव्हतं त्या सगळ्या आल्या होत्या, कारण लग्नात जेवण होतं आणि बघायला काहीतरी होतं. आक्का भिंतीला टेकून सगळ्यांत पुढे. वैजूची सासू आणि दोन जावा ओटी घेऊन आधीच पोचल्या होत्या. मालन जांभळं लुगडं नेसली होती, हातात त्या सहा बांगड्या. कपाळावर छोटं कुंकू होतं. ते दत्तू गेल्यापासून मी पहिल्यांदा पाहिलं.

वैजू पाटावर बसली. मालनने तिच्यासमोर मांडी घातली, पेटी उघडली आणि माझ्याकडे बघितलं. मी बायकांत बसले होते आणि तिथेच राहिले. बायकांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. वैजूच्या सासूला बहुतेक कळलं असावं. बाई शहाणी निघाली. म्हणाली, "भरा की हो विहीणबाई. तुमच्या गावाचं आम्ही पेपरात वाचलंय. आमचं काही म्हणणं नाही."

ज्याची भीती होती तो दरवाजा उघडाच निघाला होता.

मालनने वैजूचा उजवा हात घेतला. बांगडी चार बोटांवरून आत सरकली आणि तिथेच थांबली. मला वाटलं माप चुकलं. पण मालनचं माप कधी चुकत नाही. मी वैजूच्या हाताकडे बघितलं. अंगठा ताठ उभा, मूठ आवळलेली. ती आईकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"हात सोड, बाळ," मालन हळू म्हणाली.

हात सुटला नाही. वैजूचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण "काकू" एवढं मला कळलं. माझ्याखेरीज ते फक्त एकीला कळलं. ती तर हात धरून बसली होती.

जोर लावला असता तर बांगडी फुटली असती, आणि चुड्याची बांगडी नवरीच्या हातावर फुटली तर त्या खोलीतल्या बायकांनी काय केलं असतं ते मालनला पाठ होतं. तिने बांगडी अलगद काढून घेतली. पदराने पुसली. आणि हसत, अगदी रोजच्या आवाजात सगळ्यांना म्हणाली, "बघा की, इतकी वर्सं भरतीय आन् आजच हात कापाय लागला. आईचा हात हाय शेवटी. वैनी, तुमी या म्होरं. पयली तुमचीच."

खोलीत कुजबुज सुरू झाली, हसणं सुरू झालं. आक्का म्हणाल्या, "रीत ती रीतच." मला 'नाही' म्हणता आलं असतं. ठरावाला अनुमोदन दिलेली बाई मी. बसल्या जागेवरून म्हणायचं होतं, "मालन, तूच भर. वैजू, हात सोड." दोन वाक्यं. पण सासरची माणसं बसली होती, मुहूर्त जवळ आला होता, पोरीच्या लग्नात तमाशा कशाला, असं सगळं मला एका क्षणात सुचलं. भित्र्या माणसाला कारणं पटापट सुचतात. मी उठले, पुढे गेले आणि मालनच्या हातातून बांगडी घेतली. ती वैजूच्या हातात लोण्यासारखी गेली.

उरलेल्या बांगड्या मालनने भरल्या. एकही फुटली नाही. भरून झाल्यावर वैजू आधी माझ्या पाया पडली, मग आईच्या.

साडी बदलायला वैजू आतल्या खोलीत गेली तशी मी मागोमाग गेले. मला बघून तिला रडू फुटलं. "काकू, मी असलं काही मानत नाही. तुम्हाला माहितीये. पण आईने बांगडी पुढे केली आणि मला एकदम बाबांचं अंग दिसलं, पिवळं. वाटलं, समजा उद्या याला काही झालं तर? लोक आईच्याच नावाने बोटं मोडतील. मी तिच्यासाठीच..."

"लोक मोडतील की तू मोडशील?" मी विचारलं.

ती पदराने डोळे पुसायला लागली. मेकअप करणारी बाई म्हणाली, "डोळे पुसू नका हो, काजळ पसरतंय." मी बाहेर आले. दुसऱ्याच्या लेकराला टोचून बोलायला मात्र माझी जीभ बरोब्बर चालली होती.

लग्न लागलं, पंगती उठल्या, वैजू सांगलीला गेली. आठवडाभर मी मालनच्या दारावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघून जात होते. शेवटी तिनेच हाक मारली. दुकानात खाली बसून ती उरलेल्या बांगड्या मापाप्रमाणे दोऱ्यात ओवत होती. तिचे हात मोकळे होते. माझी नजर तिकडे गेलेली तिने बघितली.

"कामात अडकतात," ती म्हणाली.

मला बोलायचंच होतं. मी म्हटलं, "मालन, मी त्या दिवशी उठायला नको होतं. आणि वैजूने... एवढं भाषण केलेली पोरगी."

तिने दोऱ्याला गाठ मारली. "पोरीला कशाला बोलता वैनी? भाषण तिनं येक दिवस केलं. त्येच्या आधी इतकी वर्सं ती माझ्या संगं प्रत्येक चुड्याला आली. कडंवर होती तवापासनं. आई पेटी घिऊन बसायची आन् पयली बांगडी दुसऱ्या बाईच्या हातनं भरली जायची. आई हसून बाजूला सरकायची. रोज दाखवलं ते शिकली पोरगी. मीच दाखवलं. तुमी हुतासा संगं."

तिने पुढचा दोरा घेतला. मी उठून घरी आले.

तिचे हात मोकळे झाल्याची बातमी गावात दोन दिवसांत फिरली, आणि बोलावणी पुन्हा सुरू झाली. सगळ्यांत आधी आक्कांकडून, पुतणीचा चुडा होता. सकाळी नऊला मालन पेटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी, चला."

मी पदर सारखा केला आणि गेले.